हिरव्या बटणावरचं कुंकू

चेन्नईहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, मरीना पाहिलात का, कांजीवरम आणलंत का, देवळं किती केलीत. यातलं काहीच केलं नाही म्हटलं की समोरचा हिरमुसतो. मी चेन्नईला एक कारखाना पाहायला गेले होते आणि तिथलं एक हिरवं बटण पाहून आले. ते बटण डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहायला बसले आहे. रागात असताना लिहू नये म्हणतात. राग जायची वाट पाहिली तर मला हे कधीच लिहिता येणार नाही.

आधी कारखान्याचं कारण सांगते. कराडच्या ज्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तिच्या बांधकाम समितीवर मला निवृत्तीनंतर घेतलं आहे. शाळेचे बाक इतके जुने झालेत की त्यांचे खिळे पोरांच्या चड्ड्या फाडतात. समितीतली मंडळी म्हणत होती, सुताराकडून लाकडी करून घेऊ. मी एक रंगीत पत्रक घेऊन सभेला गेले. वीजकेंद्राची राख, टाकाऊ प्लास्टिक आणि फायबरच्या होड्या अन् पाण्याच्या टाक्या बनवताना उरणारी कातरण, हे सगळं एकत्र करून फळ्या आणि त्यांचे बाक. पाण्यानं कुजत नाहीत, वाळवी लागत नाही. एका बाकामागे एन्नोरच्या खाडीतली किती राख कमी होते याचा आकडा पत्रकात होता, तो मी सभेत तोंडपाठ म्हणून दाखवला. तोंडाला मास्क लावलेल्या, डोळ्यांनी हसणाऱ्या बायकांचा फोटो होता, तोही फिरवला. सुताराचं नाव काढणाऱ्यांना मी चांगलं फैलावर घेतलं होतं, हे इथेच कबूल करते.

चिटणीस म्हणाले, "बाई, मग तुम्हीच जाऊन बघून या. तुम्ही पसंतीपत्रावर सही केलीत की ऑर्डर देतो." कंपनीनंही कळवलं की अवश्य या, तुमचं पसंतीपत्र आम्हाला महाराष्ट्रातल्या इतर शाळांना दाखवता येईल. तेव्हा मला हे सगळं फारच गोड वाटलं होतं.

वेलचेरी

उतरले वेलचेरीला, माझ्या भाचीच्या सासूबाईंकडे. मोहनाबाई मूळच्या तंजावरच्या, तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. भाची आणि जावई सणाची सुट्टी साधून फिरायला गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. त्यांची इमारत नोकरदार पोरांनी भरलेली, जिन्यात पहिल्या मजल्यावर भिंतीला एक मळकट आडवी रेघ. मी तिच्याकडे बघत थांबले तशा मोहनाबाई म्हणाल्या, "पुराचं पाणी इथपर्यंत अलं होतं. अम्ही तिसऱ्या माळ्यावर अहों म्हणून वाचलों." त्यांची मराठी अशी, पहिला 'आ' तोकडा आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचललेला. पहिला तासभर मी कान देऊन ऐकत होते, मग मला ती फार आवडायला लागली.

नवरात्र होतं. आमच्याकडे घट बसतात, माळ चढते, अखंड दिवा. इथे दिवाणखान्यात लाकडी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्याच बाहुल्या, त्याला गोलू म्हणतात. देव, लग्नाची मिरवणूक, वाण्याचं दुकान आणि नातवाच्या हट्टानं एक प्लास्टिकची क्रिकेट टीम. रोज संध्याकाळी शेजारणी येतात आणि रोज वेगळ्या कडधान्याची सुंडल खाऊन जातात. जेवायला मोहनाबाईंनी डांगर पच्चडी केली. कराडला आम्ही डांगर करतो तेच, उडदाचं पीठ आणि दही, वरून हिंग-मोहरीची फोडणी. इतक्या पिढ्या इतक्या लांब राहून यांनी डांगराची चव बिघडू दिलेली नाही, याचं मला कौतुक वाटलं.

कारखान्यानं मला नवमीला बोलावलं होतं. त्या दिवशी तिकडे आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. मी मोहनाबाईंना सांगितलं, आमच्या ह्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. नवमीला लेथ धुऊन पुसून झेंडूची माळ, स्टार्टरच्या हिरव्या बटणावर मी स्वतः कुंकू लावायची. दसरा उलटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कुंकू नाहीसं झालेलं असायचं, कारण दिवसातून दहा वेळा ह्यांचा अंगठा त्यावर पडायचा. मग ह्यांच्या अंगठ्याला लाल डाग, आणि तो डाग जेवताना भाताला. या आठवणीवर आम्ही दोघी हसलो. पुढे ती अशी उपयोगी पडेल हे माहीत नव्हतं.

एन्नोर

नवमीच्या आदल्या दिवशी म्हटलं, जी राख आपल्या बाकांत येणार ती आधी डोळ्यांनी पाहू. मोहनाबाई म्हणाल्या, "एन्नोरला कोण्ही पाहायला जातं काय?" पण छत्री घेऊन निघाल्या.

स्टेशनवरून शेअर ऑटोनं खाडीपर्यंत गेलो. आकाशात धुराडी, पाण्यात खांब, आणि काठाला मी आधी ओली वाळू समजले ती राख. करडी, गुळगुळीत, साबणासारखी बुळबुळीत. दोन पावलं पुढे टाकली आणि माझा उजवा पाय घोट्यापर्यंत आत. पाय आला, चप्पल आत राहिली. काठावर एक बाई ताडपत्रीवर बोटभर मासळी निवडत होती. ती उठली, कोपरापर्यंत हात घालून तिनं चप्पल काढली, खाडीच्याच पाण्यात खळबळली आणि माझ्यापुढे ठेवली. वर मलाच विचारलं की इथे कशाला आलात.

मोहनाबाईंनी तिला तमिळमध्ये सांगितलं की ही राख उचलून नेतात, तिचे शाळेसाठी बाक करतात, या बाई ते बघायला महाराष्ट्रातून आल्यात. ती आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग बरंच काही बोलली. मोहनाबाईंनी मला शेवटचं तेवढं सांगितलं. "राख आणणारा पाइप पाह्यलाय, नेणारा कोण्ही पाह्यला नाही, असं म्हणत्ये ही. पूर्वी इथं हातानं कोळंबी धरीत होत्या. अत्ता पाण्यात हात घातला की हाताला राखच लागत्ये."

सभेत घडाघडा म्हटलेला तो आकडा मला आठवत होता. तिला काही द्यावं म्हणून पर्स उघडली तर तिनं नको म्हणून हात हलवला आणि पुन्हा मासळीकडे वळली. परत येताना ती चप्पल ओली होती आणि प्रत्येक पावलाला करडा ठसा उमटत होता. मला मनातून फार अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि तो कुणी केला हे नीट सांगता येत नव्हतं.

गुम्मिडिपूंडी, आयुधपूजा

नवमीला मोहनाबाईंना सोबत घेऊन निघाले. गुम्मिडिपूंडी त्याच रेल्वेमार्गावर पुढे, शेवटी. औद्योगिक वसाहत इतकी मोठी की रिक्षावाल्याला दोनदा विचारावं लागलं. कारखान्याच्या फाटकाला केळीचे खुंट बांधलेले, आत पाणी मारून रांगोळ्या. मॅनेजर कार्तिकेयन तिशीतला, अदबशीर, कपाळाला विभूती. तो माझ्याशी इंग्रजीत बोलत होता, मी ते इथे मराठीत देते.

मी पहिला प्रश्न राखेचा केला. तो म्हणाला, "मॅडम, खाडीतली राख ओली असते, खारट असते, वाळू मिसळलेली. ती घातली तर फळी तडकते. आम्ही वीजकेंद्राच्या बंद टाकीतून कोरडी राख टँकरनं आणतो."

"म्हणजे खाडीतली राख तुम्ही उचलतच नाही?"

"ती कुणालाच उचलता येणार नाही."

"मग पत्रकात तसं का लिहिलंय?"

"एन्नोरचीच राख आहे ना, मॅडम." हे तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. आमच्या वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे बाकही त्याचेच होते.

बाक मात्र चांगले होते, हे लिहायलाच हवं. मी एकावर उभी राहून उड्या मारल्या, फळी हलली नाही. स्क्रू फिरवून पाहिला, घट्ट बसला. पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवलेला तुकडा दाखवला, तोही जसाच्या तसा. कचऱ्यातून इतकी पक्की वस्तू करता येते हे पाहून माझ्यातली विज्ञानाची बाई खूश झाली होती. माल वाईट असता तर मी तिथूनच नमस्कार करून परत फिरले असते आणि इतकी चिडलेही नसते.

मग मला मागच्या शेडमध्ये नेलं. फायबरची कातरण क्रशरमध्ये टाकायची, तिचा चुरा करायचा, बायकांनी तो चाळायचा आणि बारीक पूड राखेत, प्लास्टिकमध्ये मिसळायची. हे फायबर म्हणजे काचेचे धागे. पूड कशी असणार ते सांगायला नको. पण त्या दिवशी शेड आरशासारखी लख्ख. क्रशर, चाळण्या, झाडू, सगळं ओळीनं मांडलेलं. एका बाजूला छतापर्यंत पोचणारं मोठं निळं यंत्र, त्यातून निघून सगळ्या शेडवर फिरलेले जाड पाइप. हे धूळ ओढून घेणारं यंत्र, पत्रकातल्या फोटोत हेच होतं. त्याला सगळ्यांत मोठा हार. मला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढला. मीही हसले. फोटो काढताना माणूस हसतं.

पूजेला प्रत्येकीनं आपापलं हत्यार पुढे केलं. धनम नावाची एक बाई होती, पन्नाशीची असेल, चाळणीवर काम करणारी. वयानं मोठी म्हणून गंध-कुंकवाची वाटी तिच्या हातात. तिनं क्रशरच्या बटणाला ठिपका लावला, मग निळ्या यंत्राच्या बटणाला. मी तिच्या मागेच उभी होते. आधी चंदनाचा, त्यावर कुंकवाचा. आणि तो नवा ठिपका बसला तो जुन्या ठिपक्यावर.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. क्रशरचं हिरवं बटण अंगठ्यांनी घासून घासून पांढरं पडलं होतं, रंग म्हणून राहिला नव्हता. निळ्या यंत्राच्या बटणावर मात्र गेल्या वर्षीचं चंदन वाळून, भेगाळून जसंच्या तसं बसलं होतं. त्याच्या कडेनं त्याआधीच्या वर्षाचाही एक पापुद्रा दिसत होता. कुणाचाही अंगठा त्यावर पडलेला नव्हता. वर्षभराची हजेरी त्या लोकांनी स्वतःच्या हातानं, भक्तिभावानं मांडून ठेवली होती आणि ती कुणी वाचेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"हे यंत्र जरा सुरू करून दाखवता का?" मी विचारलं.

कार्तिकेयननं हात जोडले. "आज कसं, मॅडम? आज पूजा आहे. आज यंत्राला विश्रांती."

आमच्या ह्यांनीही नवमीला लेथ चालवली नसती. मला बोलवायला त्यांनी हाच दिवस का निवडला, ते तेव्हा लख्ख कळलं. धनम वाटी घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

कुरमुरे, डाळं, गूळ वाटला, मग पानावर जेवण. हात धुवायच्या नळाशी धनम मोहनाबाईंजवळ आली आणि हळू आवाजात बोलू लागली. बोलता बोलता तीनदा थांबली, कारण खोकला. कामावर चढण्याआधी सगळ्या जणी हातांना, मानेला टाल्कम पावडर चोपडतात, म्हणजे काच टोचत नाही. तरी टोचतेच. घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय ती नातीला उचलत नाही, आणि आपलं लुगडं पोरीच्या कपड्यांत धूत नाही. एकदा धुतलं होतं, तर पोर दोन दिवस अंग खाजवत रडली.

"अंगाचं धुता येतं, आत गेलेलं कसं धुवू, म्हणत्ये," मोहनाबाईंनी सांगितलं. "हे यंत्र लावलं तर बरं होईल, एवढंच तिचं मागणं अहे. उद्या मुहूर्ताला अस्कं, सगळं काम, चालू करतात. या म्हणत्ये."

पुन्हा गुम्मिडिपूंडी

दसऱ्याच्या सकाळी मोहनाबाईंच्या हातात मी आपट्याची पानं ठेवली. कराडहून रुमालात गुंडाळून नेली होती. त्यांनी ती गोलूच्या पायरीवर क्रिकेट टीमपाशी ठेवली आणि म्हणाल्या, "अमच्या अजीच्या तोंडून ऐकलं होतं, पाह्यलं अत्ता." मग आम्ही न कळवता निघालो.

फाटकासमोर कोहळा फोडलेला, आत भरलेल्या कुंकवानं रस्ता लाल. मी त्यावरून घसरले आणि गुडघ्यावर पडले. पहारेकरी धावला, त्यानं मला उठवलं आणि या गडबडीत कुठे निघालात हे विचारायचं राहून गेलं. लंगडत का होईना, आम्ही थेट मागच्या शेडमध्ये पोचलो.

मुहूर्त झाला. क्रशर सुरू झाला. मला वाटलं होतं थोडी धूळ असेल. पाच मिनिटांत समोरची भिंत दिसेना. झेंडूचे हार पांढरे झाले, माझ्या पापण्या जड झाल्या, घशात कुणीतरी सुई फिरवतंय असं वाटलं. बायकांनी तोंडाला टॉवेल बांधले होते, फोटोतले मास्क कुठेच नव्हते. आणि ते निळं यंत्र हार घालून गप्प उभं होतं.

मी कुणाला विचारलं नाही. सरळ गेले आणि हिरव्या बटणावर अंगठा दाबला. वाळलेलं चंदन कडकन फुटलं, त्याची खपली माझ्या पायाशी पडली. यंत्र आधी कण्हलं, मग घरघरलं, आणि त्या पांढऱ्या धुक्याला जणू वाट मिळाली. ते वर पाइपाकडे सरकू लागलं. हळूहळू समोरची भिंत दिसली, मग चाळणीपाशी धनम दिसली. तिनं टॉवेल खाली केला आणि तोंड उघडून एक मोठा श्वास घेतला. बाकीच्या बायकाही हातातलं काम थांबवून नुसत्या वर बघत होत्या.

कार्तिकेयन आला आणि त्यानं लाल बटण दाबलं. रागावला नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. "मॅडम, ही धूळ म्हणजेच आमचा माल. यंत्र लावलं की सगळ्यात बारीक पूड त्याच्या पिशव्यांत जाते. त्या झाडायला माणूस लागतो, पिशव्या तुंबतात. म्हणून लावत नाही, पाहणीला कोणी आलं की नुसतं दाखवतो."

"आणि यांच्या छातीत जाते ती कुठल्या मालात धरता?" मी ओरडले. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "माझ्या शाळेतली पोरं ज्या बाकांवर बसणार, त्या बाकांपायी ही बाई स्वतःच्या नातीला उचलू शकत नाही."

"सगळीकडे असंच चालतं, मॅडम. आम्ही निदान कचऱ्याचं काहीतरी चांगलं करतो."

'निदान' हा शब्द मी सभेत किती वेळा वापरला होता ते मला ठाऊक होतं. शेडमध्ये पुन्हा पांढरं व्हायला लागलं. धनमनं टॉवेल वर ओढला. मोहनाबाईंनी तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि आम्ही बाहेर पडलो.

कराड

माझ्याआधी माझा फोटो कराडला पोचला होता. हार घातलेल्या यंत्राशेजारी मी, कपाळाला गंध, चेहऱ्यावर हसू. चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्ही तर खूश दिसताय." मी समितीला सगळं सांगितलं. अर्धे म्हणाले, आपल्याला बाकांशी मतलब. एकानं मला माझंच सभेतलं भाषण ऐकवलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. घरी ह्यांना सांगितलं, तर लेथचा माणूस, ते इतकंच म्हणाले की बटण कधी खोटं बोलत नाही.

शेवटी मी हट्टानं कंपनीला पत्र लिहायला लावलं. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या बटणावर दोन वर्षांचं चंदन-कुंकू जसंच्या तसं आहे, ते यंत्र रोज चालवा, त्याशिवाय पसंतीपत्रावर सही होणार नाही. पंधरवड्यानं उत्तर आलं, सोबत फोटो. नवा रंग दिलेला स्टार्टर आणि त्यावर चकचकीत हिरवं बटण, एक डाग नाही. खाली लिहिलं होतं की यंत्र प्रत्येक पाळीत चालवलं जातं. चिटणिसांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. "झालं ना समाधान?"

मी म्हटलं, उद्या सही करते. त्या संध्याकाळी मोहनाबाईंना फोन लावला. त्यांनी धनमशी बोलून दुसऱ्या दिवशी मला उलट फोन केला.

"बटण पुसून रंगवलं, ते खरं अहे," त्या म्हणाल्या. "आणि पुढल्या वर्षीपासून त्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, अशी ऑर्डर अली."

त्या लोकांनी माझ्या पत्राचा एवढाच अर्थ काढला होता. देवाधर्माचं इतकं करणाऱ्या माणसांनी एका यंत्राचं कुंकू बंद केलं, पण ते यंत्र चालू केलं नाही.

"ऐकतां ना?" मोहनाबाई पुढे म्हणाल्या. "रंग वाळल्याबरोबर धनमनं एक ठिपका लावलाय. बटणाच्या खालच्या कडेला, कोण्हाला दिसणार नाही असा. अंगठा पडला की पुसेल. रोज पाह्यत्ये."

मी सही केलेली नाही. पसंतीपत्र टेबलावर पुस्तकाखाली दाबून ठेवलं आहे. पोरं अजून खिळ्यांच्या बाकांवर बसतात आणि त्याचा दोष आता माझ्याकडे आहे. तो मला मान्य आहे, कारण हे सगळं मीच आणलं होतं. समिती फार थांबणार नाही, माझ्या जागी दुसऱ्या कुणाची सही घेईल असंही कानावर आलंय. दर शनिवारी मी मोहनाबाईंना फोन करते आणि बाकी काही न बोलता विचारते, ठिपका आहे का.

काल शनिवार होता. "अहे," म्हणाल्या.